काळी चारपासून पांढरी दोनपर्यंत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाण्याचा (गेली नऊ वर्षे बंद), राहणार तिसरा मजला, जिना चढल्यावर उजवीकडचं दार, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूस लागतं, ते नाही.

लिहिण्यास कारण की, येत्या गुरुवारी माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. सर्जन तरुण आहे आणि डोळ्यांत बघून बोलतो. म्हणाला, "आजी, जिवाला धोका फारसा नाही. आवाजाची खात्री मात्र देता येत नाही." मी म्हटलं, "नऊ वर्षं मी तो वापरलेलाच नाही, तुम्ही बिनधास्त कापा." तो हसला. मीही हसले. घरी येताना दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले, ती बराच वेळ उठले नाही.

वकीलबाईंनी नियम सांगितले आहेत. मोजकं लिहा, खाडाखोड केली तर शेजारी सही करा, आणि शेवटी दोन साक्षीदार हवेत. दोघांनी एकाच वेळी समोर बसायचं, मला सही करताना बघायचं आणि मग आपली सही करायची. म्हणजे या बाईचं डोकं ठिकाणावर होतं याची ते साक्ष देणार. शिवाय ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झालाच, तर त्याचा वाटा बाद.

"म्हणजे ज्यांना मी छदामही देत नाही अशी दोन माणसं आणायची?" मी विचारलं.

"अगदी बरोबर."

"अहो, अशी माणसं जगात ढीगभर आहेत. माझ्या ओळखीची नाहीत, एवढंच."

त्या म्हणाल्या, कारकून पाठवते. त्याने शेकडो मृत्युपत्रांवर सही केली आहे म्हणे. मी नको म्हटलं. ज्याने मला आयुष्यात पाहिलं नाही, तो माझं डोकं ठिकाणावर असल्याचं कशावरून सांगणार? एक साक्षीदार मिळाली आहे, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. मला खोकल्याचं औषध देताना त्या रोज चार वाक्यं बोलतात. बुधवारी दुपारी साडेतीनला दुकान बंद करून येणार आहेत, पाचला त्यांना परत जायचंय. त्याच संध्याकाळी मला दवाखान्यात दाखल व्हायचंय. दुसऱ्या साक्षीदाराची ओळ रिकामी आहे. आज रविवार. बुधवारपर्यंत मला ओळखणारं एक माणूस हवं आहे.

कलम १. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायची गॅलरी, हे सगळं माझ्या भाचीला. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. परदेशात असते, दर रविवारी फोन करते. फोन सात मिनिटांचा असतो. पहिली दोन मिनिटं माझी तब्येत, शेवटची दोन फोन ठेवायची तयारी, मधली तीन आमची. त्या तीन मिनिटांवर मी आठवडा काढते. आज तिला म्हटलं, गुरुवारी एक दात काढायचाय. "आत्या, घाबरू नकोस हं," म्हणाली. नाही घाबरत, म्हटलं. हे वाचशील तेव्हा दाताच्या गोष्टीबद्दल रागावू नकोस, बाळा. तू तीन मिनिटांत काय काय केलं असतंस?

घर विकायचं तर खुशाल वीक. न्हाणीच्या भिंतीला ओल येते, तेव्हा गिऱ्हाईक उन्हाळ्यात आण.

कलम २. इस्त्री.

माझी जुनी लोखंडी इस्त्री माझ्या धाकट्या भावाला. त्याला कारण आहे. त्याच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनी विचारलं, "ताई काय करतात?" भाऊ म्हणाला, "लाँड्रीत असते." लाँड्री सोडून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या दारात माझं पोस्टर होतं, माणसाएवढं. हॉटेलात गाणारी बहीण त्याला नको होती. मी जेवले आणि बसने परत आले. पण पोटात राहिलं ते राहिलंच. घे बाबा इस्त्री. तुझं बोलणं खरं करून टाकते.

अर्थात सुरुवात लाँड्रीतच झाली, हे नाकारत नाही. तिथे वाफेची मोठी इस्त्री होती. खाली येताना धप्, वर जाताना फुस्स. त्या धप्-फुस्सवर मी दिवसभर गायची. ठोक्यावर कधीच नाही, जराशी मागून. मुकादमबाई ओरडायच्या, "अगं, तुझं त्या मशीनशी भांडण आहे का?" भांडण नव्हतं. ठोका पुढे निघून गेल्यावर मागची मोकळी जागा मला आवडायची. पुढे लोक पैसे देऊन तेच ऐकायला येऊ लागले आणि पेपरवाले त्याला जॅझ म्हणू लागले. मी तेव्हाही इस्त्रीच करत होते.

आमच्या लाँड्रीतून त्या हॉटेलला टेबलक्लॉथ जायचे. मी एकोणीस वर्षांची, गठ्ठा घेऊन दुपारी चारला बॉलरूममध्ये गेले. रिकामी टेबलं, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, आणि स्टेजवर बँडची तालीम. मोजता मोजता मी गुणगुणत होते. पियानोवरचा माणूस थांबला, म्हणाला, "कुठल्या पट्टीत गाता तुम्ही?"

"पट्टी शाळेत असते. मी लाँड्रीतून आलेय. मोजून घ्या."

त्याने मोजले. म्हणाला, दोन कमी आहेत, उद्या आणून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला जावं लागलं. त्या दिवशी त्याने मला गायला लावलं, आणि त्यानंतर त्रेचाळीस वर्षं मी त्याच पियानोशेजारी उभी राहिले. ते दोन टेबलक्लॉथ कमी नव्हतेच. पियानोच्या बाकाखाली लपवले होते, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. तेव्हा मी पोट धरून हसले होते. खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं, की हा माणूस आपल्या भल्यासाठी आपल्याशी खोटं बोलतो आणि कानोकान खबर लागू देत नाही.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मीही. आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो केलं. त्याच्याबद्दल पुढे येईल. आज एवढंच.

कलम ३. नवरा.

लग्न एकदा केलं, बँडमधल्या ड्रमवाल्याशी. तीन वर्षं टिकलं. स्टेजवर त्याचा ठोका घड्याळासारखा, घरी यायची वेळ मात्र कधीच नक्की नाही. जाताना त्याने रेडिओ नेला, चांगली छत्री नेली आणि माझी दोन माणसांत बसून जेवायची सवय नेली. तेवढं त्याला पुरे. या कागदातून काही नाही.

कलम ४. कपडे.

(सोमवार सकाळ. काल इथे थांबले, कपाट उघडलं आणि बसूनच राहिले.)

स्टेजवरचे सात गाऊन, हिरवा धरून, नाटक करणाऱ्या कोणत्याही मंडळाला द्यावेत. लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत ओळीने टांगलेले आहेत, बघितले की माझं सगळं वय दिसतं. हिरव्याची गंमत लिहून ठेवते. तो मी अठरा वर्षं घातला आणि सगळ्यांना ऐटीत सांगायची, बघा, अजून होतो! काल आतून बघितला. दोन्ही बाजूंच्या शिलाया चार वेळा उसवून सैल केलेल्या आहेत. आमच्या शिंप्याचं काम. मी धुवायला दिला की हा बाबा गुपचूप अर्धा बोट जागा करून द्यायचा. एका शब्दाने बोलला नाही. मी त्या कपाटासमोर एकटीच हसले. लबाड कुठला! आता तो हयात नाही, नाहीतर बोलावून चहा पाजला असता.

गाताना हातात धरायचा मायक्रोफोन हॉटेलच्या मॅनेजरला देणार होते, त्याच्या डोक्यात घालून. त्याने बॉलरूम मोडून तिथे व्यायामशाळा केली आणि माझा फोटो लॉबीतून काढून कुठे टाकला ते त्यालाही आठवत नाही. पण वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात धमक्या नकोत. मग मायक्रोफोन भाचीला. लहानपणी तिने तो चाटला होता.

कलम ५. बँकेतलं.

जे काही असेल त्यातून आधी दवाखान्याचं आणि माझं शेवटचं भागवावं. उरेल ते भाचीचं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ६. पियानो.

बाहेरच्या खोलीतला उभा काळा पियानो, बाकासकट, मास्तरांना. राहणार तळमजला, याच इमारतीत.

हो, याच इमारतीत. ती खोली रिकामी झाल्याचं तीस वर्षांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते आणि त्यांची बायको इथे राहायला आले. गेली नऊ वर्षं आम्ही एका जिन्याने ये-जा करतो आणि एक शब्द बोललेलो नाही. ते सातला कचरा टाकायला निघतात, म्हणून मी आठला. त्यांच्या दारासमोरून जाताना मी चपला काढून हातात घेते, पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. थंडीच्या दिवसांतसुद्धा. हॉटेलची बॉलरूम मोडली तेव्हा हा पियानो मी विकत घेतला, तोही निव्वळ त्यांना मिळू नये म्हणून. मला वाजवता येत नाही. दरवर्षी माणूस बोलावून सूर लावून घेते आणि झाकण बंद करते. आता इतका आटापिटा कशासाठी, तर ते लिहायलाच हवं.

मला नोटेशन वाचता येत नाही. कानात सूर पक्का बसतो, पण तो कोणता हे पियानो दाबून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्या धंद्यात गाणारीला सूर पियानोवाला देतो. तो जिथून सुरू करेल तिथून आपण उचलायचं. माझं गाजलेलं गाणं 'दार नुसतं लोटलंय, कडी घातली नाही' हे आम्ही दोघांनी मिळून केलं, शब्द माझे, चाल मास्तरांची. ते काळी चारमध्ये बसवलं होतं. काळी चार म्हणजे पियानोवरची चौथी काळी पट्टी, तिथे माझा 'सा'. तरुणपणी मी तिथून सहज वर जायची, जिन्यावरून धावल्यासारखी.

बासष्टाव्या वर्षी मास्तरांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. माझ्या बासष्टाव्या, त्यांच्या सदुसष्टाव्या. त्या रविवारी दुपारच्या चहाच्या कार्यक्रमाला दुसरा पियानोवाला आला. गुणी माणूस, समोरच्या कागदावर होतं तसं वाजवलं. मी पहिली ओळ उचलली आणि काहीतरी चुकलं हे कळलं. तिसऱ्या ओळीला वर जायचं, तिथे आवाज फाटला. चिरकला म्हणा. साठ टेबलं भरलेली. चमच्यांचा आवाज थांबला. एका बाईने माझ्याकडे बघून मान खाली घातली, ती मान मला अजून दिसते.

मधल्या वेळेत मी त्या माणसावर घसरले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, कागदावर काळी चार आहे. तेच वाजवलं." तेव्हा ट्रम्पेटवाला चुळबुळत म्हणाला, "बाई, आपण सगळे गेली काही वर्षं पांढरी चारमध्ये वाजवतोय. काळी चार अकरा वर्षांपूर्वीच सुटली." पांढरी चार म्हणजे तीन घरं खाली. मास्तर दर तीन-चार वर्षांनी अर्धा सूर उतरवत गेले होते. आधी पांढरी पाच, मग काळी तीन, मग पांढरी चार. हे ट्रम्पेटला माहीत होतं, ड्रमला माहीत होतं, चहा वाढणाऱ्यांनासुद्धा माहीत असेल. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी आपली ऐटीत सांगत फिरायची, पन्नाशी उलटली तरी माझा आवाज तसाच आहे!

मी तशीच गाऊनवर दवाखान्यात गेले. मास्तर पलंगावर, एका डोळ्यावर कापूस. मी काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. चोर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'तू' म्हणाले, आणि ते प्रेमाने नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "बाई, खाली तुमचा आवाज जास्त चांगला लागतो. म्हणून केलं."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही गाणं सोडलं असतंत."

त्याच दिवशी मी गाणं सोडलं. तेव्हापासून एक ओळ नाही, न्हाणीतसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. फार चांगली बाई होती, मला तिच्या हातचा चहा नेहमी जास्त गोड लागायचा. तेव्हाही मी खाली गेले नाही. गॅलरीत उभी राहून माणसं जाताना बघितली. ही चूक माझी, त्यात मास्तरांचा वाटा नाही. तिची माफी मागायची राहिली. आता कुठे मागू?

तर हा पियानो त्यांना. मी गेल्यावर न्यावा. त्यांना मी आयुष्यातल्या सगळ्या माणसांत जास्त ओळखते, आणि ते मला. साक्षीदार म्हणून शोभले असते. पण पियानो दिला की साक्षीदार होता येत नाही, हे एका दृष्टीने बरंच झालं. मला त्यांना बोलवावं लागणार नाही.

(मंगळवार.)

काल वरचं लिहून मला वाटलं, सुटले. पण वकीलबाईंचा नियम आहे, वस्तूची अवस्था लिहा. म्हणून आज दुपारी पियानोचं झाकण उघडलं. धूळ नाही, पट्ट्या जरा पिवळ्या, पायाखालचं डावं पेडल किरकिरतं.

इतक्यात चार वाजले. मास्तर रोज चारला खाली त्यांच्या विजेच्या कीबोर्डवर वाजवतात. माझं स्वयंपाकघर आणि त्यांचं एकाच डक्टवर उघडतं, आवाज सरळ वर येतो. पहिली दोन वर्षं मी चारला खिडकी लावून घ्यायची. मग सवय झाली. शिकायला येणारी मुलं पाचला येतात, त्याआधी ते एकच गाणं वाजवतात, 'दार नुसतं लोटलंय'. मला वाटायचं, खिजवतोय मला.

आज झाकण उघडंच होतं. ऐकता ऐकता मी पट्टी शोधू लागले, सहज. पांढरी चार दाबली, जुळेना. पांढरी तीन, नाही. काळी दोन, नाही. पांढरी दोनवर बोट ठेवलं आणि खालचा सूर आणि वरचा सूर एक झाला.

पांढरी दोन. आम्ही थांबलो होतो त्याच्याही तीन घरं खाली.

मी म्हटलं, म्हातारा झालाय, चुकून कुठलं तरी बटण दाबलं असेल. मग नीट कान दिला. ते चाल वाजवतच नव्हते. फक्त साथ. गाणाऱ्याची जागा मोकळी ठेवून. तिसऱ्या ओळीआधी मी श्वास नेहमी उशिरा घेते, ठोका पुढे जाऊ देते. तिथे ते थांबले. बरोबर माझ्या श्वासाइतके. मग पुढे गेले.

एकाहत्तराव्या वर्षी माझा आवाज कुठवर उतरला असेल याचा अंदाज ते खाली बसून बांधत होते. मी गात नसताना. नऊ वर्षं. रोज.

मी त्या बाकावर बसून ढसाढसा रडले. हे लिहायची लाज नाही. शिंप्याने शिलाई उसवली तर मला हसू आलं, आणि मास्तरांनी तेच केलं तर नऊ वर्षं मी अनवाणी जिना उतरले. कसला अभिमान होता तो? कुणाला मिळाला त्याचा फायदा? मी या घरात रेडिओशी बोलते, फ्रिजशी बोलते, औषधाच्या दुकानात चार वाक्यांसाठी खोकला जरा वाढवून सांगते. आणि तीन मजले खाली एक माणूस रोज माझ्या श्वासासाठी थांबत होता.

गुरुवारनंतर आवाज असेल की नाही, कोणास ठाऊक. वकीलबाईंना मी विचारलं होतं, आवाज कुणाला देता येतो का? म्हणाल्या, आवाज ही मालमत्ता नव्हे. मग तो असेपर्यंतच द्यायला हवा, दुसरा मार्ग नाही.

(बुधवार, दुपारचे पावणेपाच. साक्षीदार समोर बसलेत, वकीलबाई रागावतील, पण हे लिहून मगच सही करणार.)

औषधवाल्या बाई साडेतीनला आल्या. पर्स मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "दुसरं कोण यायचंय?" मी म्हटलं, "बघू." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, कुणाला फोन करू का?" म्हटलं, "नको, थांबा जरा."

दार मी नुसतं लोटून ठेवलं. खिडकी उघडली. चारला खालून सुरू झालं. सुरुवातीच्या चार मात्रा गेल्या आणि मी गप्पच. पुन्हा पहिल्यापासून येईपर्यंत मला दरदरून घाम फुटला. औषधवाल्या बाई उठून पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात मी गायले.

पहिली ओळ खरखरीत आली, धूळ झटकल्यासारखी. दुसरी बरी. मला वाटलं होतं, खाली बोटं थांबतील. थांबली नाहीत. तिसऱ्या ओळीआधी मी ठोका सोडला, श्वास घेतला, ते थांबले, आणि मग मी वर गेले. वर म्हणजे आता जे काय वर आहे तिथे. फाटला नाही. औषधवाल्या बाई हातात पेला घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

गाणं संपलं. खाली शांत. मग दार वाजल्याचा आवाज, मग जिना. चौपन्न पायऱ्या आहेत, मी मोजल्या. गुडघ्यामुळे ते दर मजल्यावर थांबत होते. मी खुर्चीतून उठले नाही. लोटलेलं दार ढकलून आत आले, धापा टाकत. केस सगळे पिकलेत.

मग म्हणाले, "बाई, अर्धा सूर अजून खाली घेऊ का?"

"काही नको," मी म्हटलं. "यात व्यवस्थित बसतंय." आणि मग, "मास्तर, वहिनी गेल्या तेव्हा मी..."

"असू दे. गॅलरीत होतात. बघितलं मी." चष्मा पुसत म्हणाले, "आणि चपला घालून उतरत जा हो. फरशी गार असते. पाय न वाजवता उतरणारं माणूस या इमारतीत एकच आहे, मला काय कळत नाही?"

मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. हा कागद वाचायला दिला. त्यांनी शांतपणे सगळा वाचला, शिंप्याच्या तिथे हसले, पुढे हसले नाहीत. मी म्हटलं, "दोन रस्ते आहेत. सही केली नाहीत, तर मी मेल्यावर पियानो तुमचा. सही केलीत, तर काही नाही."

"पेन द्या."

"अहो, पियानो जाईल."

"माझ्या खोलीत मावत नाही तो. इथेच असू दे. मी वर येत जाईन."

"आणि गुरुवारनंतर आवाजच नसला तर?"

ते म्हणाले, "मग समोर बसा आणि ठोका धरा. नेहमीसारखा मागून. मला तेवढ्यावर वाजवता येतं."

सबब कलम ६ यातला पियानोचा भाग मी माझ्या राजीखुशीने रद्द करते. शेजारी सही केली आहे. पियानो घराबरोबर भाचीकडे जाईल. बाळा, विकायची घाई करू नकोस, चारला खालून माणूस येतो. भावाची इस्त्री तशीच राहू द्यावी, आज माझा राग सगळ्यांवरचा गेलेला नाही.

मी गेल्यावर भाषणं नकोत. 'दार नुसतं लोटलंय' वाजवावं, माझी जागा मोकळी ठेवून. पट्टी मास्तर ठरवतील, मला विचारायची गरज नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि मी शुद्धीत आहे.

सही (गाणारी, तिसरा मजला)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, खिडकी उघडी
दिनांक: १९ नोव्हेंबर, बुधवार

साक्षीदार पहिली: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी डोळे पुसावे लागले. त्या दवाखान्यातून परत आल्या की खोकल्याची बाटली मी स्वतः वर आणून देईन, त्यांनी खाली येऊ नये. सही (औषधाचं दुकान, कोपरा)

साक्षीदार दुसरा: मी, राहणार तळमजला, वय शहात्तर, पियानो वाजवणारा. सदर बाईंना बावन्न वर्षं ओळखतो, त्यातली नऊ फक्त जिन्यातून. त्यांनी माझ्यासमोर सही केली. मन ठिकाणावर आहे. आवाज आजच्या तारखेला पांढरी दोन, सुरात. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. मिळायचं होतं ते आज दुपारी चार वाजता मिळालं. सही